वजनकाटा वरच्या मजल्यावर

१ फेब्रुवारी

प्रिय शास्त्रीणबाई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोन करायला काय झालं होतं असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू "आक्का" म्हणतेस, मी "हं" म्हणते, मग दोघी मुसमुसत बसतो आणि कामाचं बोलायचं राहून जातं. त्यात ह्या पोहण्याच्या तलावावर आवाज एवढा, की रडायचं तरी ओरडून रडावं लागतं. म्हणून म्हटलं, आपला कागद बरा. कागदावर हुंदका ऐकू येत नाही.

आपला भोपळ्या जाऊन आता अडीच महिने होतील. भोपळ्या म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण जन्मला तेव्हा त्याचं डोकं इतकं वाटोळं होतं, की आईने माझ्या मांडीवर ठेवला आणि मी, दहा-अकरा वर्षांची पोर, तिथल्या तिथे नाव ठेवून मोकळी झाले. पुढे आईवडील गेले, त्याला वाढवायचं माझ्याकडे आलं, आणि ते नाव बदलायला घरात कोणी उरलंच नाही.

त्याचा शेवटचा शोधनिबंध त्या मोठ्या मासिकाने घेतला, एप्रिलमध्ये छापून येणार, असं तू मागे म्हणालीस. मी काय, ही बातमी पोटात ठेवणारी थोडीच. तलावावर सगळ्यांना सांगून झालंय. सकाळच्या बायका, तिकीट देणारा, पंप सांभाळणारा मिस्त्री, कोणाला सोडलं नाही. व्यवस्थापक तर स्वतःहून म्हणाले, छापलेलं पान आलं की चौकट करून दारातच लावू, इथे शिकवणाऱ्या बाईंचा भाऊ कोण होता ते पोरांना कळू दे. मला तिथेच रडू आलं, सरळ सांगते.

पण घोडं अडलंय ते एका गोष्टीपाशी. लोक विचारतात, बाई, त्याने नक्की शोधलं काय? आणि मी आपली "ते प्रोटीनबिटीनचं आहे" म्हणून वेळ मारून नेते. मिस्त्रीची तर समजूत झाली आहे की तो व्यायामवाल्यांची पावडर बनवायचा. एवढा शिकलेला भाऊ आणि बहिणीला सांगता येऊ नये, हे बरं नाही. तेव्हा मला कळेल असं लिही. मी अडाणी नाही, पण तुमच्या भाषेत शिरले की नाकातोंडात पाणी जातं.

आणि वेळेवर जेवतेस का ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

तुझी नणंद,
आक्का


१२ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

तुमचं पत्र प्रयोगशाळेत नेऊन वाचलं. घरी एकटीला वाचवलं नसतं.

मिस्त्रींना सांगा, पावडर नव्हे. आपल्या अंगात प्रत्येक कामाला एकेक प्रोटीन असतं. कोणी अन्न फोडतं, कोणी श्वासातला वायू धरून ठेवतं. पुस्तकातल्या चित्रात ते लोकरीच्या गुंड्यासारखं गप्प बसलेलं दाखवतात, पण खरं तर ते सारखं हलत असतं. आम्ही ज्याच्यावर काम करतो ते वायू पोटात धरणारं आहे. वायूला आत-बाहेर करायला त्याला एक दार आहे म्हणा. दार हललं तरच काम होतं, आणि ते किती वेगाने हलतं हे आम्हाला त्याच्यावर उजेड टाकून मोजता येतं.

आता हे दार हलवतं कोण? प्रोटीनच्या भोवती पाणी असतं. त्या पाण्याचे कण त्याला सतत धक्के देत असतात, आणि त्या धक्क्यांवर दार हलतं. ज्यात एखादी वस्तू विरघळलेली असते त्याला आम्ही विद्रावक म्हणतो, इथे तो म्हणजे हे पाणी. हे पाणी पूर्ण काढून घेतलं तर प्रोटीन मोडत नाही, तुटत नाही, फक्त थिजून बसतं. काम बंद. थोडा ओलावा दिला की परत हलायला लागतं. आणि भोवती पाण्याऐवजी काही घट्ट असलं तर दार सावकाश उघडतं. आतल्याची चाल अशी बाहेरच्याच्या हातात असते.

त्याचा प्रश्न असा होता, की अगदी सगळी बाहेरच्याच हातात असते का? म्हणून तो पाण्यात ग्लिसरीन मिसळत गेला. औषधाच्या दुकानात मिळतं तेच, मधासारखं चिकट. एकेक बाटली आधीच्यापेक्षा घट्ट केली. आधी मिश्रण जसं घट्ट होत गेलं तसं दार मंदावत गेलं. आणि मग एका ठिकाणी आलेख वळला. तिथून पुढे ग्लिसरीन कितीही वाढवा, दार काही आणखी मंदावेना, आपल्याच चालीने उघडत राहिलं. म्हणजे प्रोटीनच्या आत त्याची स्वतःची अशी हालचाल आहे, भोवतालचं कितीही जड झालं तरी न थांबणारी. हा त्याचा शोध. दवाखान्यात उशाशी ठेवलेला तो आलेख तुम्ही पाहिलाच आहे. नाडी बघायला आलेल्या नर्सला सुद्धा तो ते वळण समजावून सांगायचा. शेवटच्या महिन्यात तो हसला असेल तर त्या वळणाकडे बघून.

छापण्याआधी मासिकाच्या एका परीक्षकाने आणखी एक मिश्रण मोजून पाठवायला सांगितलंय, वळणानंतरच्या दोन बाटल्यांच्या मधलं. ते मी करणार आहे. दोन-तीन दिवसांचं काम. त्याचा ॲप्रन अजून माझ्या ॲप्रनशेजारी टांगलेला आहे. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, धुवायला टाक. मी हो म्हटलं आहे.

जेवते. उभ्याने, पण जेवते.

तुमची,
शास्त्रीण


२४ फेब्रुवारी

प्रिय शास्त्रीणबाई,

शाबास. अशी सांगणारी मास्तरीण मला शाळेत मिळाली असती तर मी आज शिट्टी फुंकत बसले नसते. तुझं पत्र मी बाकावर उभी राहून वाचून दाखवलं. सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, गप्प केलं, आणि वाचलं. टाळ्या पडल्या. मिस्त्री म्हणाला, म्हणजे पावडर नाहीच का. थोडा हिरमुसला.

मला मात्र एक गंमत वाटली. पाण्यात उतरलं की पाण्याचं ऐकावं लागतं, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते. तुझा नवरा म्हणतोय, एका हद्दीनंतर नाही ऐकलं तरी चालतं. असेल बाबा. मी माणसांना पोहायला शिकवलंय, प्रोटीनला नाही.

पण एक सांगू? सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला आत कुठेतरी टोचलं. त्याचं प्रोटीन त्याच्यावरच गेलं म्हण ना. एका टप्प्यापर्यंत भोवतालच्यांचं ऐकायचं, आणि पुढे ज्याची त्याची चाल.

गेल्या जुलैत तो कुठल्याशा बैठकीसाठी इकडे आला होता. तू नव्हतीस बरोबर. संध्याकाळी भेटायला येतो म्हणाला. मी राहते ती खोली तलावाच्या कचेरीच्या वर, दोन जिने चढून, तुला माहीत आहे. त्याच खोलीत तो वाढला. किती दिवसांनी येतोय म्हणून मी खोली घासून लख्ख केली, धुतलेली चादर घातली, त्याची आवडती खुर्ची खिडकीशी ओढून ठेवली. आणि हा पठ्ठ्या आला तो तलावाकाठच्या बाकावर बसला. वर चल म्हटलं तर म्हणे, "इथे वारा बरा लागतो, आक्का." चहा खालीच मागितला. तासभर बसला, हसला, जुन्या गप्पा काढल्या, आणि गेला. वर पाऊल टाकलं नाही त्याने.

मी तेव्हा मनात म्हटलं, मोठा झाला, आता आक्काच्या खोलीत यायला कमीपणा वाटतो. पुढे भेटेल तेव्हा चांगला फैलावर घेईन असं ठरवून ठेवलं होतं. आणि सप्टेंबरात ते दुखणंच निघालं. दवाखान्याच्या खाटेवरच्या माणसाला कुठे जाब विचारणार? आता तो गेला आणि माझा रुसवा तेवढा राहिला. गेलेल्या माणसावर रुसून बसणारी बहीण म्हणजे मी. चादर धुवायला काढते तेव्हा दर वेळी ते आठवतं.

कोणाला सांगू नकोस. एप्रिलची वाट बघते आहे.

आक्का


१७ मार्च

प्रिय आक्का,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. परीक्षकाने सांगितलेलं मोजमाप अजून झालेलं नाही. म्हणजे झालं आहे, पण परत करते आहे. एप्रिलच्या अंकात आता बहुधा येणार नाही. चौकटीचं तूर्त थांबवा.

एक विचारायचं होतं. जुलैत तो तुमच्याकडे चालत आला की गाडीने? एरवी तो कोपऱ्यावर उतरून चालत यायचा ना? बोलताना मध्ये मध्ये थांबत होता का? पाय सुजलेले दिसले का? आठवेल तेवढं लिहा. कशासाठी ते आत्ता विचारू नका.

तुम्ही लिहिलेलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यावर मला तुमच्याशी बोलायचं आहे, पण आधी माझी खात्री होऊ दे.

तुमची,
शास्त्रीण


२३ मार्च

शास्त्रीणबाई,

पोलिसात नोकरी धरलीस का? माझ्या मनातलं दुखणं मी तुला सांगितलं आणि तू उलटतपासणी घेतेस.

विचारतेस म्हणून सांगते. गाडीने आला, फाटकाच्या आतपर्यंत. मला वाटलं, साहेब झाले आता. बोलताना थांबत होता खरा. मी समजले, शब्द तोलून बोलतोय, शिकलेली माणसं बोलतात तसा. पाय बघितले नाहीत, कारण बूट काढले नाहीत त्याने. एरवी आल्या आल्या बूट भिरकावून पाण्यात पाय सोडून बसायचा. झालं समाधान?

आता मी विचारते, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. निबंध लांबतोय का? दोन-तीन दिवसांचं काम महिना झाला तरी संपत नाही, चौकट थांबवा म्हणतेस, खात्री होऊ दे म्हणतेस. तुमच्या त्या विभागाच्या बाईंना त्याचं नाव खाली ढकलायचंय का? की तुझंच वर यायचंय? माणूस गेला की त्याच्या ताटातलं उचलायला सगळे पुढे होतात, हे मी पाहिलंय. तू त्यातली नाहीस असं धरून चालले होते.

त्याच्या नावाला धक्का लागला तर मी तिथे येईन. माझा आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकाला जातो, तुमच्या प्रयोगशाळेत सहज मावेल.

आक्का


१५ एप्रिल

प्रिय आक्का,

तुमच्या पत्राचा मला राग आला होता. मग गेला. तुमच्या जागी मी असते तर असंच लिहिलं असतं, कदाचित याहून वाईट. नाव त्याचंच आहे, पहिलं आहे, आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. पण शोध चुकलेला आहे.

हे एक वाक्य मला इतके दिवस लिहवत नव्हतं. आता पुढचं सगळं सांगते.

परीक्षकाने मागितलेलं मिश्रण मी केलं आणि दार मोजलं. ते त्याच्या रेषेवर बसेना. त्याच्या हिशेबाने दार जेवढ्या वेगाने उघडायला हवं त्यापेक्षा खूपच सावकाश उघडत होतं. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, हल्ली माझं लक्ष कुठे असतं. परत केलं. पुन्हा तेच. मग त्याच्या सगळ्याच बाटल्या मी नव्याने बनवल्या. वळणाच्या आधीच्या सगळ्या त्याच्या आकड्यांशी तंतोतंत जुळल्या. वळणानंतरची एकही जुळली नाही. माझ्या आलेखात वळणच येत नाही. भोवतालचं जड होत जातं तसं दार जड होत जातं, शेवटपर्यंत.

त्याच्या जुन्या बाटल्या फळीवर तशाच होत्या, त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. प्रत्येकीतलं थोडं थोडं काढून तपासलं. वळणाच्या आधीच्या बाटल्यांत चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं ग्लिसरीन आहे. नंतरच्यांत कमी आहे, आणि बाटली जितकी घट्ट असायला हवी तितकी तूट जास्त. म्हणजे त्या सगळ्या जवळजवळ सारख्याच घट्ट होत्या, म्हणून त्याला दार आणखी मंदावताना दिसलं नाही.

ही चूक आमच्याकडे नवी आलेली मुलं करतात. ग्लिसरीन मापाच्या नळीने ओढून घेतलं तर बरंचसं नळीच्या आतच चिकटून राहतं, आणि आपल्याला वाटतं सगळं बाटलीत पडलं. म्हणून ते नळीने घ्यायचं नसतं. बाटली काट्यावर ठेवायची आणि वजनाने ओतायचं. हे आम्हा सगळ्यांना शिकवलं कोणी? त्यानेच. कोणी नळीने ग्लिसरीन घेताना दिसलं की तो असा ओरडायचा की तुमचाच भाऊ शोभायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असला माणूस तो नव्हता. मग त्याने असं का करावं?

नाजूक वजनकाटा आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहे. खाली पंपांची थरथर असते, काट्याचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून तो वर ठेवलाय. इमारतीला लिफ्ट नाही. मिश्रणं करायची म्हणजे दिवसभर वर-खाली करायचं. भांडार सांभाळणाऱ्या काकांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, साहेब बाटली घेऊन जिन्यापाशी यायचे, कठड्याला धरून जरा उभे राहायचे, आणि परत जायचे. काकांना वाटायचं, काहीतरी विसरले असतील.

वळणानंतरच्या पहिल्या बाटलीवर जूनच्या अखेरची तारीख आहे.

आक्का, आपण सगळे धरून चाललो होतो की त्याचं हृदय सप्टेंबरात बिघडलं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हे आजचं दुखणं नाही, दोन-तीन महिने आधी आला असता तर पुष्कळ करता आलं असतं. त्यावर तो माझ्यासमोर म्हणाला, आधी काहीच जाणवलं नाही हो डॉक्टर. मी ते खरं मानलं. आमचं घर तळमजल्यावर, बस दारात. घरात चढायला काही नव्हतंच, मला दिसणार कुठून? पण त्याला जूनमध्येच जिना चढवत नव्हता. कोणाला वर जाऊन वजन करून आण म्हणाला असता, तर का म्हणून विचारलं गेलं असतं. ते त्याला नको होतं. म्हणून ज्या गोष्टीवरून तो दुसऱ्यांवर ओरडायचा, तीच तो गुपचूप आपल्या टेबलावर करत राहिला. शोध म्हणून आपण जे मिरवतोय ना, ते वळण म्हणजे त्याला लागलेला दम आहे. प्रोटीनला काही झालेलं नाही.

आणि म्हणूनच तो तुमच्या खोलीत आला नाही. फाटकाच्या आतपर्यंत गाडी, बोलताना थांबणं, न काढलेले बूट. तुमचे दोन जिने त्याला चढता येण्यासारखे नव्हते. कमीपणा नव्हता हो आक्का. हे तुम्हाला लगेच कळवावं असं वाटायचं आणि हे कळवलं की बाकीचं सगळंच कळवावं लागणार, म्हणून मी थांबत होते.

त्याला स्वतःला शंका आली असेल का, हाही विचार येतो. मला वाटतं, नाही. आली असती तर खाटेवरून उठून काट्यापाशी गेला असता. तो ते खरं मानून गेला.

अजून मी हे कोणालाच दाखवलेलं नाही, विभागाच्या बाईंनाही नाही. परीक्षकाला एक आकडा पाठवला की काम झालं, तो काही तपासायला येत नाही. अंकात नाव येईल, तुमच्या दारात चौकट लागेल. निबंध मागे घेण्याचं पत्र मी लिहून ठेवलंय, पण पाठवायला हात होत नाही. त्याच्या मागे हे एवढंच राहिलंय, आणि तेच मी आपल्या हाताने पुसायचं? तुम्ही त्याला वाढवलंत. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची


१९ मे

पोरी,

महिना झाला, उत्तर दिलं नाही. कागद घेऊन बसायचे आणि उठायचे. आधी मागच्या पत्राबद्दल माफी मागते. माझी जीभ पहिल्यापासून अशीच, आधी चालते आणि मग मला कळतं. तू ते पत्र फाडून टाक.

तुझं पत्र वाचल्यावर आधी मी त्याच्यावर भयंकर चिडले. चढवत नव्हतं तर सांगायचं ना! तासभर शेजारी बसला होता माझ्या. मी बुडणारी माणसं बाहेर काढते, माझ्या दीडपट वजनाची. ह्याला पाठुंगळीला मारून वर नेला असता. लहानपणी नेतच होते, तापात, पाय मुरगळला तेव्हा, कधी नुसतंच लाडात. वर नेऊन खुर्चीत बसवला असता आणि विचारलं असतं, काय होतंय रे तुला. आणि उत्तर द्यायच्या आत डॉक्टरकडे ओढत नेला असता. वारा बरा लागतो म्हणे! खोटारडा कुठला. असं मी आठवडाभर एकटीच त्याच्याशी भांडत होते. बायका म्हणाल्या, आक्काबाई हल्ली पुटपुटतात.

मग राग ओसरला आणि नुसतं रडू येत राहिलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तो मला टाळत नव्हता. इतके महिने ते मनात धरून बसले होते, ते गेलं. पण त्याच्या जागी जे आलं ते त्याहून जड आहे. रुसवा परवडला असता गं. रुसवा असता आणि तो असता.

आता तू विचारलंस त्याचं. निबंध छापू नकोस, मागे घे. तुमच्यातलं मला कळत नाही, पण आमच्याकडे काठावर पाण्याची खोली लिहिलेल्या पाट्या असतात. एखादी चुकीची आहे असं कळलं तर मी ती एक दिवससुद्धा राहू देत नाही, मग ती कोणी का लिहिलेली असेना. उडी मारणारा पाटी वाचून मारतो. उद्या कुठलं तरी शिकाऊ पोर आपल्या भोपळ्याचं वाचून, खरं धरून, पुढचं काम करायला जाईल आणि त्याचं काही म्हणता काही जुळणार नाही. त्याला वाटेल आपणच ढ आहोत. भोपळ्याच्या नावावर हे नको.

तलावावर मी सांगून टाकलं, एकेकाला गाठून. शोध चुकला, छापणार नाहीत. का चुकला ते नाही सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, बाई, तरी त्याचा फोटो लावू. मी नको म्हटलं. कशाबद्दल लावला असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

एक मात्र डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, भोवतालचं जड झालं की आतलं जड होतं, शेवटपर्यंत. बरं, पटलं. पण उलटं होत नाही का गं? आतल्याला जड झालं तर भोवतालच्यांना काहीच कळत नाही? त्याच्या भोवती आपण दोघीच तर होतो. तू रोज शेजारी, मी तासभर समोर. आपल्यापर्यंत काहीच कसं पोचलं नाही? तुझ्या शास्त्रात ह्याला उत्तर असेल तर लिही. नसेल तर राहू दे, पण चार दिवस इकडे ये.

आक्का


२ जून

प्रिय आक्का,

निबंध मागे घेण्याचं पत्र काल पाठवलं. त्याआधी विभागाच्या बाईंना सगळं दाखवलं. त्यांनी नवा आलेख जुन्यावर ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, हाही लिहून काढ, वळण नसलेला आलेखसुद्धा सांगण्यासारखा असतो. लिहीन. त्यात त्याचं नाव असेल, कारण वळणाच्या आधीच्या बाटल्या त्याच्या आहेत आणि त्या बरोबर आहेत. लिहायला वर्ष लागेल बहुतेक. मला घाई नाही. ते संपलं की त्याचं करण्यासारखं माझ्याकडे काही उरणार नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. प्रोटीनला अगदी लागून असलेलं पाणीही त्याच्यामुळे मंदावतं. म्हणजे उलटंही होतं, आतल्याचं बाहेर पोचतं. पण ते इतकं थोडं असतं की मुद्दाम मोजायला बसलं तरच दिसतं, नुसतं जवळ असून दिसत नाही. आणि आपण कशाला मोजायला बसलो असतो, आक्का? तो हसत होता. मला हे उत्तर पुरत नाही, तुम्हालाही पुरणार नाही. शनिवारी येते, चार दिवस राहते.

संपादकांनी मागे घेण्याचं कारण मागितलं. एका वाक्यात द्या म्हणाले, निबंध येणार असं त्याच्या नावासकट त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, त्याखाली पुढे वाचणाऱ्यांसाठी ते छापतात. मी लिहिलं, "काही मिश्रणांमधील ग्लिसरीनचे प्रमाण नोंदवलेल्या प्रमाणापेक्षा कमी असल्याचे नंतर आढळून आले." हे छापून येईल, त्याच्या नावाखाली, कायमचं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नाही.

त्याला दम लागत होता आणि त्याने कोणाला सांगितलं नाही, हे त्या वाक्यात घालता येत नाही. ते मी फक्त तुम्हाला लिहिलं आहे.

तुमची